ओपलताईला पणाला लावल्याची कबुली

अलाबामा,
मंगळवार, शर्यतीनंतरचा दुसरा दिवस

ती. ओपलताईस,

धाकट्या लेलंडचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग हा शब्द या खेपेला शोभेसाठी लिहिलेला नाही. परवा रविवारी मी आपल्या शर्यतीच्या बसच्या टपावरून खरोखरच आठही अंगांनी जमिनीवर आलो. मोडलं काही नाही, फक्त गुडघा वांग्यासारखा झालाय. कसा पडलो ते पुढे येईलच.) तुझा खुबा कसा आहे? जिने चढवतात का अजून? उत्तरेकडे थंडी पडू लागली असेल, पायात मोजे घालत जा. फोनवर विचारलं तेव्हा तू "मजेत आहे" म्हणालीस, पण दोनदा म्हणालीस, आणि अडुसष्ट वर्षांच्या ओळखीत तू खरी गोष्ट कधी दोनदा सांगितलेली मला आठवत नाही. इकडे सगळं ठीक आहे. मांजर जाड झालंय. चर्चमधल्या बायका तुझी चौकशी करतात आणि माझ्याकडे दयेने बघतात. चाळीस वर्षं तू बसच्या टपावर चढलीस-उतरलीस आणि पडलीस कुठे, तर चर्चच्या सपाट फरशीवर, याचं त्या सगळ्यांना अजून वाईट वाटतं. फरशीला पॉलिश करणाऱ्या बाईंना तर फारच.

तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन अजून व्हायचंय, म्हणजे हे पत्र तुला रेनी वाचून दाखवणार. तेव्हा आधी तिच्याशी बोलतो. रेनी, हे पत्र सगळं वाचायचं. जिथे तुझं नाव येईल तिथे खाकरून पुढच्या पानावर जायचं नाही. नॉर्बर्ट शेजारी बसला असेल तर बसू दे. तुझा नवरा ओहायोचा असला तरी माणूस भला आहे, आणि शर्यतीतलं त्याला काही कळत नाही म्हणून मी मधूनमधून त्याच्यासाठी कंसात समजावून सांगणार आहे.

आता ताई, मुद्द्याचं. फोनवर सांगणार होतो, पण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. तर कागदावर सांगतो, आणि एका दमात सांगतो: तुला न विचारता मी तुला पणाला लावलं. मोटारींच्या शर्यतीवर. तुझ्या पोटच्या मुलीबरोबर.

लगेच रागावू नकोस. (रागावलीस तर निदान अर्धा राग रेनीसाठी राखून ठेव, ती समोरच आहे.) झालं असं, की ऑगस्टमध्ये मी तिला फोन केला आणि म्हटलं, सहा महिने झाले, हाड जुळलं, आता ताईला घरी पाठव. भावोजी गेल्यापासून बारा वर्षं ती माझ्या घरात राहतेय, तिची खोली आहे तशी आहे. रेनी म्हणाली, आईला मी नेलंय ती काय हवापालटाला? तुझ्याकडे तिला बघणार कोण? तुला मक्याच्या कण्यासुद्धा करपवल्याशिवाय शिजवता येत नाहीत. मी म्हटलं, करपलेल्या कण्या खाऊन ती बारा वर्षं ठणठणीत होती, तुझ्या त्या अळणी सूपावर तिचं काय झालंय ते मला आवाजावरून कळतं. मग ती तुझा आवाज चढतो तसा आवाज चढवून बोलली, मी भावोजींचा चढायचा तसा चढवला, आणि तीन आठवडे दर रविवारी हे असंच चाललं. चौथ्या रविवारी दोघंही थकलो. मग ती म्हणाली (किंवा मी म्हणालो, यावर आमचं अजून एकमत नाही), "वाद घालून सुटत नाही ते आपल्या घरात कसं सोडवतात, मामा?" मी म्हटलं, टोपी काढून. ती म्हणाली, "मग काढ टोपी."

अटी अशा ठरल्या: दोघांनी भावोजींच्या टोपीतून एकेक चिठ्ठी उचलायची. माझ्या नंबरची गाडी तिच्या गाडीच्या पुढे आली, तर तू घरी येणार, कायमची. तिची पुढे आली, तर तू ओहायोत राहणार, कायमची, आणि तुझी खुर्ची, बिडाचा तवा आणि शिवणाचं मशीन मी स्वतः तिकडे पोचवायचं आणि या विषयावर पुन्हा तोंड उघडायचं नाही. तुझे हिवाळ्याचे कपडे न्यायला म्हणून रेनी चार दिवस इकडे आली होती ना? कपडे तिने नेले, ते खरं आहे. बाकीचं हे असं.

बुधवारी बस घेऊन शर्यतीच्या मैदानात शिरलो. तीच जागा, तिसऱ्या वळणाच्या आतल्या बाजूला, कुंपणापासून चौथी. बस चालू झाली हाच मोठा चमत्कार. खालून निळी आणि खिडक्यांपासून वर पिवळीच राहिली आहे, कारण तुझा व्हरांड्याचा रंग तिथवरच पुरला होता आणि नंतर तू "असंच बरं दिसतं" असं जाहीर केलंस. शेजारी बंक सॅटरव्हाइट आपल्या डुक्कर भाजायच्या धुरकट भट्टीसकट हजर. त्याने मला एकट्याला उतरताना पाहिलं, मग माझ्या मागे पाहिलं, मग टोपी काढून हातात धरली. मी म्हटलं, "बंक, ती ओहायोला आहे." तो म्हणाला, "तेच ते." नंतर दिवसभर त्याने मला उकडलेल्या शेंगा आणून दिल्या, दर तासाला एक वाटी. ताई, इतक्या शेंगा माणसाच्या पोटात मावत नाहीत, पण नाही म्हणायचं जिवावर आलं.

गुरुवारी रेनी आली. शहरी बूट घालून शिडी चढली, टपावरच्या फळ्यांवर उभी राहून एकदा सगळा ट्रॅक डोळ्यांखालून घातला आणि म्हणाली, "वास तोच आहे." मग बूट काढून ठेवले.

शुक्रवारी सकाळी चिठ्ठ्या. तू नसल्यामुळे टोपी बंकने धरली. (चर्चचा कारभारी म्हणून त्याच्या शब्दाला वजन आहे, असं त्याचं म्हणणं.) एरवी आपल्या टोपीवर पैज असते ती केळ्यांच्या पुडिंगच्या भांड्याची, त्यामुळे लोक चेष्टा-मस्करी करत चिठ्ठ्या उचलतात. यंदा काय लागलंय ते बंकला सांगावं लागलं. तो म्हणाला, "ओपलला माहीत आहे?" आम्ही दोघांनी दुसरीकडे पाहिलं. मग त्याने तुझे नियम म्हणून दाखवले, बायबल वाचावं तशा आवाजात. एक, चिठ्ठी बदलून मिळणार नाही. दोन, चिठ्ठीवर शत्रूचा नंबर निघाला तरी तोंड वाकडं करायचं नाही. तीन, शेवटच्या फेरीचा पांढरा झेंडा पडला की उभं राहून आपल्याच नंबरच्या नावाने ओरडायचं. दुसऱ्याच्या नंबरच्या नावाने ओरडेल तो बाद. (नॉर्बर्ट, हा तिसरा नियम तुझ्या सासूबाईंनी खास बंकसाठी केला. पूर्वी तो शेवटच्या फेरीला जी गाडी पुढे दिसेल तिच्या नावाने ओरडायचा आणि मग पुडिंगवर हक्क सांगायचा. हे वाचून दाखवताना बंकला शिंक आली.)

रेनीने हात घातला, चिठ्ठी उघडली: १६. होलोमन! ताई, माझा होलोमन. अकरा वर्षं ज्याच्या नावाची टोपी मी डोक्यावर घालतोय आणि ज्याचं चित्र तू मला स्वयंपाकघरात लावू दिलं नाहीस, तो होलोमन. मग मी हात घातला. मला निघाला ५८. मॅकस्वेन. होलोमनला ज्याने चौथ्या वळणात भिंतीत घातलं, आणि ज्याच्याबद्दल मी गेली अकरा वर्षं जे बोलत आलोय ते पास्टरसमोर बोलता येत नाही, तो मॅकस्वेन. दुसरा नियम आठवून मी तोंड सरळ ठेवलं. रेनी म्हणाली, "मामा, तुला बरं वाटत नाहीये का?"

त्या दिवशी दुपारी गाड्या सरावाच्या फेऱ्या मारत होत्या, आणि आम्ही दोघं टपावर तुझ्या पद्धतीचं चीज लावलेले पाव खात बसलो होतो. एकदम तिने विचारलं, "मामा, आई वेणी कोणाकडून शिकली?" मी म्हटलं, आमच्या आजीकडून, का? तर म्हणाली, "रोज संध्याकाळी मी तिची वेणी घालते. पहिल्या महिन्यात मला जमायचीच नाही. ती काही बोलायची नाही, सकाळी उठून गुपचूप पुन्हा घालायची. आता नाही घालत." मग थोड्या वेळाने म्हणाली, लहानपणी आई मला दिसायची ती रविवारी आणि शर्यतीच्या आठवड्यात. बाकी सगळे दिवस ती गिरणीत, दुसऱ्या पाळीला. मी शाळेतून यायचे तेव्हा ती गेलेली असायची आणि ती यायची तेव्हा मी झोपलेली. उशाशी कापसाचे तंतू सापडायचे, त्यावरून कळायचं की येऊन गेली. एवढं सांगून ती म्हणाली, "इतके महिने सलग मला आई पहिल्यांदाच मिळाली आहे, मामा. पन्नाशीला." आणि उठून शेंगांची टरफलं गोळा करायला लागली. (रेनी, वाच. आवाज चिरकला तरी वाच.) मी म्हटलं, मॅकस्वेनची गाडी यंदा ढिली दिसतेय.

शनिवारी ती कपडे आणायला घरी गेली. मी बरोबर जातो म्हटलं, ती म्हणाली कशाला, किल्ली दे. तासाभराचं काम, ती चार तासांनी परत आली. ताई, आता तुला एक गोष्ट सांगायची राहिली आहे ती सांगतो. व्हरांड्याच्या पायऱ्यांवर मी लाकडी उतार केलाय. न्हाणीघराचं दार चाळीस सेंटिमीटरने रुंद केलंय, आणि भिंतीला तीन दांडे लावलेत. स्वयंपाकघरातली वरची फळी खाली आणली, म्हणजे तुला स्टूल लागू नये. उन्हाळाभर हेच करत होतो. तुला अचंबा वाटावा म्हणून सांगितलं नव्हतं, आणि रेनीलाही नव्हतं, कारण ती म्हणाली असती की आईला आमिष दाखवतोस. ती परत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. मी विचारलं काय झालं, तर म्हणाली, "धूळ. केवढी धूळ आहे घरात!" मग जरा वेळाने पाठमोरी होऊन म्हणाली, "टेबलावर दोन ताटं मांडलेली आहेत, मामा." मी म्हटलं, सवय. मी रोज मांडतो, मग एक उचलून ठेवतो, त्यात काय मोठंसं.

रविवारची शर्यत तुम्ही टीव्हीवर पाहिलीच असेल, म्हणून फार लांबण लावत नाही. एकशे साठाव्या फेरीला दुसऱ्या वळणात एकोणीस गाड्या एकमेकींत घुसल्या, धुरात आम्हाला कोण कुठे ते दिसेना. रेनीने माझं मनगट धरलं ते इतकं घट्ट की अजून निळं आहे. धूर विरला आणि त्यातून दोन गाड्या बाहेर आल्या, बाकी सगळ्यांना मागे टाकून. पुढे १६, मागे ५८, शेपटीला नाक चिकटवून. (नॉर्बर्ट, आपल्या या ट्रॅकवर एकटी गाडी कितीही दामटली तरी मागे पडते. दोघी नाक-शेपूट जुळवून धावल्या की वारा एकीनेच कापायचा आणि ढकलायचं दुसरीने, त्यामुळे दोघींचा वेग वाढतो. म्हणजे होलोमनला पुढे राहायला मॅकस्वेन हवा, आणि मॅकस्वेनला पुढे न्यायला होलोमन. आणि जिंकायचं मात्र एकानेच. सुटे झाले तर दोघंही गेले.) वीस फेऱ्या ते दोघे तसेच फिरत होते. अकरा वर्षांचे वैरी! बंक भट्टी सोडून टपावर आला. मांस करपल्याचा वास येत होता, तरी कोणी हललं नाही.

आणि पांढरा झेंडा पडला. मी उभा राहिलो, रेनी उभी राहिली, मी छाती भरून श्वास घेतला आणि आमच्या गल्लीतल्या सगळ्या टपांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ओरडलो, "सोळा! चल सोळा! सोडू नकोस!" आणि माझ्या कानाशी त्याच क्षणी रेनी किंचाळत होती, "अठ्ठावन्न! काढ बाहेर! काढ ना रे!"

ताई, चौथ्या वळणातून बाहेर पडताना मॅकस्वेन बाजूला निघाला आणि पुढच्या बंपरच्या अंतराने जिंकला. ५८. माझा. म्हणजे मी तोंड मिटून नुसता उभा राहिलो असतो, तर आज तू सामान बांधत असतीस. सवय, ताई! अकरा वर्षांची सवय! दुसरं काय सांगू? आणि रेनी म्हणते की गोंगाटात तिच्या तोंडून आकडा चुकून गेला, वर डोळ्यांत पुन्हा धूळ.

मग टपावर जे भांडण झालं तसं तू चाळीस वर्षांत पाहिलं नसशील. ती म्हणते, "तू जिंकलास, मामा, तुझी गाडी पुढे आली." मी म्हणतो, "मी तुझ्या नंबरच्या नावाने ओरडलो, मी बाद, तू जिंकलीस." ती म्हणते, "मीही तुझ्या नावाने ओरडले, मग मीही बाद, पण तुझी गाडी पुढे होती." मी म्हणतो, "बाद झालेल्याची गाडी धरत नाहीत." खालून पलीकडच्या बसवरचे लोक ओरडायला लागले की बसा खाली, दिसत नाही, आणि शर्यत तर संपलेली होती. शेवटी बंक म्हणाला, "इथे हरायला कोणी भांडलेलं मी आजवर पाहिलेलं नाही. दोघंही बाद. ओपलचा नियम आहे, माझा नाही. त्याच नियमापायी माझं नऊ भांडी पुडिंग गेलंय." एवढं बोलून तो करपलेलं मांस बघायला उतरला. मी त्याला काहीतरी उत्तर द्यायला म्हणून मागोमाग शिडीवर पाय टाकला. शिडी त्याने उतरल्यावर बाजूला सरकवली होती.

तेव्हा आता स्थिती अशी आहे की तुला कोणी जिंकलेलं नाही. नियमानुसार चिठ्ठी परत टोपीत जाते आणि टोपी जिची तिच्याकडे. बंकने टोपी माझ्या हातात दिली तेव्हा म्हणाला, "पहिल्यांदाच तिला विचारलं असतंत तर माझं डुक्कर वाचलं असतं."

नॉर्बर्टला आशीर्वाद. रेनीला आशीर्वाद आणि एक धपाटा. तुला पुन्हा नमस्कार, या खेपेला उभ्यानेच, कारण गुडघा वाकत नाही.

तुझा धाकटा,
लेलंड

ता. क. तुझा बिडाचा तवा मी साबणाने धुतो असं रेनीने तुला सांगितलं असेल. एकदाच धुतला होता.

ता. क. दुसरा. वर मी सवय म्हणून लिहिलं, ते खोटं आहे. पत्र परत पहिल्यापासून लिहायचा कंटाळा म्हणून तसंच ठेवतो. वीस फेऱ्या मी मॅकस्वेनच्या नावाने मनातल्या मनात देवाचा धावा करत होतो, अठ्ठावन्न हाच शब्द जिभेवर होता. झेंडा पडला तेव्हा माझी नजर बाजूला गेली. रेनी दोन्ही हात आपल्या केसांवर दाबून धरून उभी होती, शाळेत जायच्या आधीच्या वयात, तू गिरणीत निघालीस की ती फाटकाशी उभी राहायची तशी. मग मी जे ओरडलो ते समजून-उमजून ओरडलो. तिचं काय ते तिने तुला आत्ता, हा कागद हातात आहे तोवर, खरं खरं सांगावं. ओहायोत एवढी धूळ नसते.

ता. क. तिसरा, आणि हा रेनीसाठी. पत्र खाली ठेव. आईला विचार, तुला कुठे राहायचंय? एवढंच विचार आणि मग गप्प बस. तुला ते जड जाईल, पण बस. तिने इकडचं नाव घेतलं, तर मी गाडी घेऊन येतो, वेणी घालायला मला शिकव. आणि तिने तिकडचं नाव घेतलं, तर खुर्ची, तवा आणि मशीन घेऊन मी येतोच आहे, ठरल्याप्रमाणे. फक्त नॉर्बर्टला जरा चौकशी करायला सांग, तुमच्या गल्लीत तळमजल्यावर एखादी खोली भाड्याने मिळते का. एका माणसापुरती आणि एका जाड मांजरापुरती. बर्फाची मला सवय नाही, पण सवय काय, होते.